तीस हजार म्हणजे किती, ते आधी सांगा

मृग लागला. आता दोन महिन्यांत कुठल्या तरी नदीकाठच्या गावात पाणी शिरेल आणि कुठला तरी साहेब कॅमेऱ्यासमोर म्हणेल, "आम्ही वारंवार सूचना दिल्या, पण लोक ऐकत नाहीत."

हे वाक्य मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत इतक्यांदा ऐकलं आणि इतक्यांदा छापलं की त्याची आता लाज वाटते. आज त्या वाक्याशी भांडायचं आहे. पण त्याआधी स्वतःची एक चूक कबूल करतो. ती लपवून दुसऱ्याला बोलणं बरं दिसणार नाही.

३० ऑगस्ट २०२०, रविवार. विसर्जन दोन दिवसांवर, कोरोना भरात. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झालेला, तिकडच्या धरणांचं पाणी वैनगंगेत आलेलं, आणि गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडलेले. माझी मावशी ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या एका गावात राहते. सकाळी आठच्या सुमारास तिचा फोन आला.

"बापू, पटवारी सांगून गेला, शाळेत जा म्हणते. ढोरं कोनाच्या भरवशावर सोडू? आन् शाळेत त्या कोरोनाचं भेव. तू पेपरवाला आहेस, तूच सांग, जाऊ का नाई?"

माझ्या मोबाईलवर मेसेज आलेला होता : विसर्ग सुमारे ३० हजार क्युमेक. मी मनातल्या मनात हिशोब केला. आदल्या वर्षी सांगली-कोल्हापूरच्या महापुरात रोज अलमट्टीच्या बातम्या वाचल्या होत्या, तिथून पाच लाखांवर क्युसेक सोडत होते. त्यापुढे ३० हजार म्हणजे काय? मी मावशीला म्हणालो, "राहा घरीच. चौऱ्याण्णवसारखं काही येत नाही. शाळेच्या गर्दीत जाऊ नको."

क्युसेक आणि क्युमेक. एका अक्षराचा फरक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या आसपास. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर, पस्तीस पट. ३० हजार क्युमेक म्हणजे साडेदहा लाख क्युसेक. अलमट्टीच्या त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट! दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे तीन हजार टँकर, दर सेकंदाला. आणि मी, पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेला माणूस, मावशीला सांगत होतो घरी बस.

संध्याकाळी पाणी तिच्या अंगणात आलं. रात्री नऊला शेवटचं बोलणं झालं, "लाइन गेली बापू, मोबाईल बी मरते आता." त्यानंतर सोमवार पूर्ण गेला. फोन लागेना, सरपंचाचा लागेना, शेजाऱ्याचा लागेना. मावसभाऊ नागपुरात, तो मला फोन करे आणि मी त्याला. दोघांकडेही सांगायला काही नव्हतं. मंगळवारी सकाळी एका अनोळखी नंबरवरून मावशीचा आवाज आला. ती आणि मावसाजी रात्रभर शेजारच्या स्लॅबवर बसून होते. गावातल्या ढिवर पोरांनी डोंग्यानं बाहेर काढलं. दोन शेळ्या गेल्या, एक वगार गेली, मागची भिंत बसली, बांधीतला धान चिखलाखाली गेला.

मावशीनं मला आजपर्यंत एका शब्दानं बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

आता मुद्द्यावर येतो. "लोक ऐकत नाहीत" म्हणणाऱ्यांनी सांगावं, माझी मावशी ऐकायला तयार नव्हती का? ती विचारत होती. तिला उत्तर देणाऱ्याकडे म्हणजे माझ्याकडे चुकीचं उत्तर होतं, आणि जो मेसेज फिरत होता तो धरणावरच्या इंजिनिअरच्या भाषेत होता. शेतकऱ्याला क्युमेक कळत नाही, पत्रकाराला कळला नाही. मग तो आकडा कोणासाठी होता? फाइलीसाठी. उद्या कोणी विचारलंच तर "आम्ही कळवलं होतं" म्हणायला.

नदीकाठच्या माणसाचा प्रश्न साधा असतो. पाणी माझ्या गावात कुठपर्यंत येणार? मारुतीच्या पारापर्यंत की शाळेच्या पायरीपर्यंत? किती वाजता? रस्ता किती वाजेपर्यंत चालू राहील? या तीन प्रश्नांची उत्तरं नसलेली सूचना ही सूचनाच नाही. ते हात झटकणं आहे.

आणि ही उत्तरं देणं अशक्य आहे असं कोणी सांगू नये. २०२० च्या पुराची खूण अजून भिंतींवर आहे, लोकांच्या डोक्यात आहे. गोसेखुर्दमधून किती पाणी सुटलं तेव्हा कोणत्या गावात पाणी कुठवर आलं, हे प्रत्येक पटवाऱ्याला, पोलीस पाटलाला, ढिवराला माहीत आहे. एवढं एका कागदावर मांडा. गावाच्या चौकात एक खांब रोवा, त्यावर पट्टे मारा : एवढा विसर्ग तर पाणी इथपर्यंत. मग मेसेज असा जाऊ द्या : "आज रात्री पाणी लाल पट्ट्याला लागेल, सहाच्या आत निघा." खांब आणि रंग. यासाठी कुठला निधी अडला आहे?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आहे. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. माझा साधा प्रश्न : तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचं त्या आराखड्यातलं पान बघितलं आहे? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी लागते, मतदार यादी लागते. पुराच्या वेळी कोणी कुठं जायचं, डोंगा कोणाकडे आहे, चावी कोणाकडे आहे, हे का लागत नाही?

दुसरी गोष्ट ढोरांची. सगळे याला हसण्यावारी नेतात. "माणसाचा जीव मोठा की म्हशीचा?" असं विचारणाऱ्यानं एकदा दुधावर घर चालवून बघावं. पोराच्या फीचे पैसे गोठ्यात उभे असतात. ते दाव्याला बांधून शाळेच्या खोलीत जाऊन बस म्हणणं सोपं आहे. ज्या दिवशी शासन सांगेल की उंचावर अमुक जागी ढोरांसाठी जागा केली आहे, चारा टाकला आहे, त्या दिवशी निम्मी माणसं न सांगता निघतील. आणि घर सोडलं म्हणून पंचनाम्यातून नाव गळणार नाही, हेही लेखी सांगा. "घरी नव्हतो तर पटवारी लिहील का?" ही भीती मी स्वतः लोकांच्या तोंडून ऐकली आहे.

कोणी म्हणेल, पोलीस लावा आणि उचला. उचलता येतं, कायदा तेवढे अधिकार देतो. पण एका तालुक्यातली गावंच्या गावं एका रात्रीत उचलायला पोलीस किती आहेत? ओडिशाकडे बघा. १९९९ च्या चक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच राज्यानं २०१३ च्या फायलिन वादळात जवळपास दहा लाख लोक वेळेआधी हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. तिथली माणसं काही आपल्यापेक्षा आज्ञाधारक नाहीत. त्यांना निवारा जवळ होता, ओळखीचा होता, आधी सराव झालेला होता, आणि बोलवायला येणारा गावातलाच पोरगा होता.

उशिरा निघण्याचं मोल महाराष्ट्रानं मोजलेलं आहे. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. पाणी चहूबाजूंनी आल्यावर लोक एकाच बोटीत बसले, बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. पाणी आल्यावर निघणं आणि पाणी येण्याआधी निघणं यात एवढं अंतर आहे.

तिसरी गोष्ट संपर्काची. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवतं? आपत्तीच्या सूचनेची ती चाचणी होती. चांगली सोय आहे. पण टॉवर चालू असेल तरच मोबाईल किंचाळणार! आपल्या भागात लाइन गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी बसते आणि डिझेल घेऊन येणारी गाडी रपट्याच्या पलीकडे अडकते. म्हणजे ज्या घडीला संपर्क हवा त्याच घडीला तो जातो. भामरागडच्या लोकांना विचारा. पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं की त्यांचा जगाशी संबंध तुटतो, २०१९ च्या पावसाळ्यात तर पुन्हा पुन्हा तुटला. आपल्या शेजारचं लाडज बघा. वैनगंगेच्या मधोमध बेटावरचं गाव, तिथं एरवीसुद्धा डोंग्याशिवाय जाता येत नाही.

वादळाच्या वेळी दूरसंचार खातं कंपन्यांना आदेश देतं की एका कंपनीचा टॉवर बंद असेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून फोन चालू द्या. किनाऱ्यावर जे होतं ते वैनगंगेच्या काठावर पहिल्याच तासाला का होऊ नये? आणि अशा गावांत पावसाळ्याचे चार महिने एक वायरलेस सेट, तो चालवता येणारी दोन पोरं आणि एक सौर बॅटरी ठेवायला काय हरकत आहे? निवडणुकीच्या दिवशी दुर्गम केंद्रावरून आकडे बरोबर येतात. तेव्हा संपर्काची अडचण कोणी सांगत नाही.

२०२० साली राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्री ब्रह्मपुरीचेच आमदार होते, विजय वडेट्टीवार. म्हणजे खातं घरातलं होतं आणि पूरही घरातच आला. हे मी त्यांच्यावर चिखल उडवायला लिहीत नाही. मंत्री घरचा असून खांबावर पट्टा लागत नसेल, तर रोग एका माणसाचा नाही, पद्धतीचा आहे, एवढंच म्हणतो. त्यानंतर सरकारं बदलली. पट्टा मला अजून दिसला नाही. कोणाच्या गावात लागला असेल तर फोटो पाठवा, मी आनंदानं छापतो.

आता चिमूरकरांनो, तुम्ही म्हणाल वैनगंगा आपल्यापासून लांब आहे. उमा लांब नाही. गोसेखुर्दचा निदान मेसेज तरी येतो, उमेच्या आणि नाल्यांच्या पाण्याचा मेसेज येत नाही. वर डोंगरात पाऊस पडला की तास-दोन तासांत पाणी रपट्यावर असतं, आणि आपले हिरो गाडी घालून बघतात. बाकीचे पुलावर उभे राहून व्हिडिओ काढतात आणि "धरण फुटलं" असं लिहून पुढे ढकलतात. मीही असे मेसेज न तपासता पुढे ढकलले आहेत. यापुढे नाही.

शासन करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते या आठवड्यात करा.

घराची निघायची खूण आजच ठरवा. पाणी अमुक दगडाला, अमुक पायरीला लागलं की निघायचं, मग चर्चा नाही. पाणी आल्यावर ठरवायला बसाल तर रात्र होते.

परगावचा एक नातेवाईक नेमा, नागपूर, पुणे, कुठलाही. घरातल्या सगळ्यांनी त्या एकालाच कळवायचं, बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं. चाळीस जणांनी फोन केले म्हणूनही मावशीची बॅटरी मेली होती. त्यात माझेच अकरा होते.

फोन लागत नसेल तर साधा एसएमएस टाका, तो कधी कधी निसटून जातो. सकाळी सात आणि संध्याकाळी सात एवढाच वेळ मोबाईल चालू ठेवा. नंबर कागदावर लिहून सातबारा आणि आधारसोबत प्लास्टिकमध्ये ठेवा. १०७७ आणि ११२ त्या कागदावर सगळ्यात वर.

निघताना ढोरांची दावी सोडा. नेता आली नाहीत तरी त्यांना पोहता येतं. बांधलेल्या ढोराला येत नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर तीन दिवस इंग्रजांच्या राज्यापासून तुटलं होतं, ते स्वतःच्या मर्जीनं. त्याचा अभिमान आपण दरवर्षी १६ तारखेला मिरवतो. पावसानं तुटण्यात अभिमानाचं काही नाही. येत्या ग्रामसभेत उठून एकच प्रश्न विचारा : आमच्या गावाचा पट्टा कुठं आहे? उत्तर काय मिळालं ते मला कळवा. नावानिशी छापीन, आणि यावेळी आकडा दोनदा तपासून.