आधी नोंदवही, मग इमारत

नाणेघाटातल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांतले फारसे काही उरलेले नाही. वर कोरलेली ब्राह्मी नावे मात्र वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, कुमार भाय. प्रतिमा गेल्या, तरी माणसे हरवली नाहीत, कारण कोणी तरी नावे लिहून ठेवली होती. आपल्या अनेक लहान वस्तुसंग्रहालयांत नेमके उलटे झाले आहे. मूर्ती आहे, नाणे आहे, खापर आहे. पण ते कोणत्या गावचे, कोणी कधी आणले, कशासोबत सापडले, याचा कागद नाही.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या वारशाला साजेसे वस्तुसंग्रहालय असावे, असे वाटणे रास्तच आहे. एकट्या जुन्नर शहराच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी आहेत. पण अशा मागण्यांत बोलणे चटकन इमारतीकडे वळते: जागा, निधी, दालने, भूमिपूजन. वस्तू सांभाळणारा, तिचा अभ्यास करणारा अभिरक्षक कुठून येणार, हा प्रश्न शेवटी उरतो आणि बहुधा तसाच राहतो. आमच्या मते क्रम उलटा हवा.

हे काम काय असते, ते लेण्याद्रीवरच पाहता येईल. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात स्तूप आहे, खांबांच्या माथ्यावर हत्ती-वाघांच्या जोड्या आहेत आणि एका ओळीचा शिलालेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, एवढेच तो सांगतो. अडाणी नोंद ‘प्राचीन बौद्ध लेणे’ म्हणून थांबेल. शिकलेला माणूस दात्याचे गाव वेगळे टिपेल, लेखाचा ठसा घेईल, आधीच्या अभ्यासकांची वाचने शेजारी मांडेल आणि कल्याण बंदरातून घाटावर येणारी वाट नाणेघाटातून जात होती, हे त्या नोंदीला जोडेल. एका ओळीतून व्यापारी मार्ग हाती लागतो तो असा.

शेजारचे सातवे लेणे अधिक अवघड. मुळात तो भिक्खूंचा विहार. मधला प्रशस्त सभामंडप आणि तीन बाजूंना वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून तिथे गिरिजात्मजाचा गाभारा झाला. आज भाविक तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून येतात ते अष्टविनायकातल्या गणपतीसाठी. इथे नोंद करणाऱ्याने एक थर लिहून दुसरा गाळला, तर ती नोंद खोटी ठरते. विहार कोणी, कधी खोदला, हा जसा अभ्यासाचा विषय, तसाच इथल्या पूजाअर्चेचा क्रमही. त्यासाठी पुजाऱ्यांशी, गोळेगावच्या जुन्या माणसांशी बसून बोलावे लागते आणि ते बोलणे तारीख-वार लिहून ठेवावे लागते. पुस्तकातून येत नाही असे हे कौशल्य आहे.

संग्रहाचा अभ्यास इतिहासाला काय देतो, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण जोगलटेंभीचे. 1906 मध्ये नाशिकजवळच्या या गावी क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला, तेव्हा त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. एक-दोन नाणी दाखवून हे सांगता आले नसते. साठा म्हणून मोजणी झाली, म्हणून सत्तांतराचा पुरावा उभा राहिला. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर नहपानाचा अमात्य अयम याचा, वर्ष 46 चा दानलेख आहे. त्या लेखाशेजारी ही नाणी ठेवली की हा मुलूख कोणाकडून कोणाकडे गेला, ते स्पष्ट दिसू लागते.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून मिळालेल्या वस्तू अपार जिव्हाळ्याने जमवल्या. त्यांतूनच तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी केली जाते. असे संग्राहक नसते तर कितीतरी ऐवज मोडीत गेला असता. तरीही उत्खननाविना हाती आलेल्या वस्तूचा थर कळत नाही, आणि थर नसला की काळ ठरवताना चाचपडावे लागते. म्हणूनच वस्तू उचलण्याआधी जागा टिपण्याची सवय गावोगावच्या हौशी मंडळींना लावणे, हेही अभिरक्षकाचेच काम.

हाताची कामे तर शिकूनच येतात. सापडलेले नाणे चिंचेने घासून चकचकीत केले की त्यावरचा थर जातो, बारीक अक्षरेही झिजतात. नाणे कडेने धरायचे, वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत घ्यायचे, दोन्ही बाजूंचा फोटो मोजपट्टीसह काढायचा. मूर्तीवर क्रमांक घालायचा तो दर्शनी भागावर रंगाने नव्हे. न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड या राळेचा पातळ लेप, त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा लेप. उद्या काढायचा झाला, तर दगडाला इजा न होता निघाला पाहिजे. हाच क्रमांक नोंदवहीत, फोटोवर आणि कपाटावर.

हे शिकवणाऱ्या जागा आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे शिक्षण मिळते, आणि जुन्नरच्या लेण्यांवर व उत्खननावर तिथल्या अभ्यासकांनी बरेच काम केले आहे. जुन्नर, घोडेगाव, मंचरच्या महाविद्यालयांतून इतिहास शिकलेल्या मुलामुलींना अशा ठिकाणी पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. परतल्यावर त्यांनी दोन्ही तालुक्यांतले वीरगळ, सतीशिळा, ताम्रपट, दप्तरे जिथे आहेत तिथेच ठेवून गाववार नोंदवावीत. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हेही शेतकऱ्यांना त्यांनीच समजावून सांगावे. या कामाला दोन-तीन वर्षे लागतील आणि त्यांना पगार द्यावा लागेल. त्या पदांची तरतूद होईपर्यंत इमारतीचा नकाशा मंजूर करू नये.