वैद्य दूर, औषध घरीं

ज्या विषयाचें नांव घेतांच घरांतील वडीलधारी मंडळी मासिकाचें पान उलटून टाकतात, असा एक विषय आज आम्ही मुद्दाम हातीं घेत आहोंत. विषय गर्भपाताचा आहे. तोहि शस्त्राशिवाय, केवळ गोळ्यांनीं, आणि डॉक्टरांची समक्ष भेट न घेतां टेलिफोनवरून सल्ला घेऊन केलेल्या गर्भपाताचा. ह्या पद्धतीस मोकळीक द्यावी कीं बंधन घालावें, ह्यावर निरनिराळ्या देशांच्या कायदेमंडळांत वाद माजले आहेत. गर्भपात धर्म्य कीं अधर्म्य ह्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. डॉक्टर आणि स्त्री ह्यांच्यांत कोसांचें अंतर असतां कायद्यानें काळजी कशाची वाहावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम औषधाविषयीं दोन शब्द. ह्या उपचारांत दोन औषधें लागतात. पहिलें मिफेप्रिस्टोन, गर्भास आधार देणाऱ्या शरीरांतील स्रावाचें कार्य तें थांबवतें. एकदोन दिवसांनीं घ्यावयाचें दुसरें मिझोप्रोस्टॉल. त्यानें गर्भाशय आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो. दिवस थोडे झालेले असतां हा उपचार बहुधा सुखरूप पार पडतो. भय असतें तें दिवस मोजण्यांत चूक होण्याचें, रक्तस्राव न थांबण्याचें, आणि गर्भ गर्भाशयाबाहेर नळींत राहिलेला असण्याचें. नळींतील गर्भावर ह्या गोळ्यांचा कांहीं उपयोग होत नाहीं, आणि नळी फुटल्यास प्राणावर बेततें. म्हणून गोळी देण्यापूर्वीं जाणत्या माणसानें चार प्रश्न विचारणें अवश्य आहे. ते समोर बसवूनच विचारले पाहिजेत काय, हा खरा वाद.

ह्या बाबतींत इंग्लंडचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील १९६७ च्या कायद्यानें दोन डॉक्टरांचें मत आणि सरकारमान्य जागा, अशा अटी घातल्या. पुढें गोळ्या निघाल्या तरी जागेची अट कायम राहिली. २०१८ च्या अखेरीस दुसरें औषध घरीं घेण्यास परवानगी मिळाली. मग कोरोनाची साथ आली. २३ मार्च २०२० रोजीं दोन्ही औषधें घरीं घेण्याची परवानगी सरकारनें प्रसिद्ध केली, ती चुकून प्रसिद्ध झाली असें सांगून त्याच दिवशीं मागें घेतली, आणि ३० मार्चला पुन्हां दिली! टेलिफोनवर विचारपूस, दहा आठवड्यांची मर्यादा आणि टपालानें औषध, अशी ती व्यवस्था होती.

परिणाम काय झाला? इंग्लंड व वेल्समधील ५२,१४२ उपचारांची पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. नव्या व्यवस्थेंत उपचारापूर्वींची प्रतीक्षा सरासरीनें चार दिवसांनीं कमी झाली. सहा आठवड्यांच्या आंत उपचार झालेल्या स्त्रियांचें प्रमाण शेंकडा २५ वरून ४० वर गेलें. गंभीर अपाय वाढल्याचें दिसलें नाहीं. दिवस जितके थोडे, तितका उपचार सोपा. हें ध्यानांत घेतां हा लाभ लहान नव्हे.

तथापि विरोधकांच्या म्हणण्यांतहि तथ्य आहे. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकास कोण आहे, हें डॉक्टरास दिसत नाहीं. एका पुरुषानें दुसऱ्या स्त्रीकरवीं अशा गोळ्या मिळवून त्या एका गर्भवती स्त्रीस तिच्या नकळत दिल्या. नॉर्विच येथील न्यायालयानें २०२४ सालीं त्यास बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. टाळेबंदींत दिवस कमी सांगून गोळ्या मागविणाऱ्या एका मातेचा गर्भ बत्तीस आठवड्यांहून अधिक वाढलेला निघाला. १८६१ च्या जुन्या कायद्यान्वयें २०२३ सालीं तिला तुरुंग दाखविण्यांत आला. पुढच्याच महिन्यांत वरिष्ठ न्यायालयानें तिची सुटका केली.

हे धोके बोलून दाखविले जात असतांहि ३० मार्च २०२२ रोजीं कॉमन्स सभेनें २१५ विरुद्ध १८८ मतांनीं ती व्यवस्था कायम केली. जून २०२५ मध्यें समक्ष भेट सक्तीची करणारी सूचना त्याच सभेनें फेटाळली, आणि स्वतःच्या गर्भाबाबत स्त्रीस गुन्हेगार न ठरविण्याच्या बाजूनें ३७९ विरुद्ध १३७ मतें दिलीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९७१ चा कायदा जन्मास आला. २०२१ च्या नियमांनीं गोळ्यांच्या उपचारास नऊ आठवड्यांपर्यंत वाव दिला आहे. २५ मार्च २०२० रोजीं आपल्याकडे दूरवैद्यकाचे नियमहि निघाले. पण ह्या उपचाराविषयीं त्यांत स्पष्ट असें कांहीं नाहीं. कायदा मौन धरून बसला म्हणून व्यवहार थांबला आहे काय? मुळींच नाहीं. मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेनें इतर संस्थांसह केलेल्या पाहणीप्रमाणें २०१५ सालीं देशांत सुमारें १ कोटी ५६ लक्ष गर्भपात झाले, आणि त्यांतील शेंकडा ७३ दवाखान्याबाहेर, गोळ्यांनीं झाले. अर्थात् आपल्यापुढें निवड जवळचा डॉक्टर कीं दूरचा डॉक्टर अशी नाहीं. दूरचा डॉक्टर कीं कोणीच नाहीं, अशी ती आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, समक्ष भेटीची सक्ती करूं नये. मात्र स्त्री मागेल तेव्हां ती भेट मिळालीच पाहिजे. रक्तस्राव न थांबल्यास रात्रीअपरात्रीं कोठें जावें, हें सांगितल्याविना गोळी हातीं देऊं नये. शिक्षा व्हावी ती फसवून वा धाक घालून गोळी देणाऱ्यास. घाबरलेल्या स्त्रीच्या मानेवर कलमाची टांगती तलवार असेल, तर ती दिवस खोटे सांगेल आणि रक्त वाहत असतांहि इस्पितळाची पायरी चढणार नाहीं.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील वाचकांस एक सांगावयाचें आहे. सज्ञान स्त्रीच्या बाबतींत आपला कायदा तिच्या एकटीचीच संमति मागतो. पतीची वा सासूची नव्हे. दवाखान्यांत निदान पडद्याआड डॉक्टरास "मला हें नको आहे" किंवा "मला हें हवें आहे" असें सांगतां येतें. आपल्या घरांत टेलिफोनवर बोलणाऱ्या सुनेभोंवतीं चार कान टवकारलेले असतात. ती "हो" म्हणते, तें डॉक्टरास कीं शेजारीं बसलेल्यास, हें ओळखण्याचें साधन कोणत्याहि यंत्रांत नाहीं. पार्लमेंट फार तर नियम करील. ती घटकाभर बोलत असतां खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेणें मात्र घरच्याच माणसांच्या हातीं आहे.