रिंग वाजली की छातीत धडधड? मेंदूत भीतीचं ‘डिलीट’ बटण का नसतं

गेल्या वर्षी एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत.” पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल, समोर खाकी वर्दीतला ‘अधिकारी’, माझा आधार नंबर त्याच्या तोंडपाठ. “कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.” चाळीस मिनिटं मी खुर्चीला खिळून बसलो होतो. रूममेट डबा घेऊन आला, त्याने स्क्रीन पाहिली आणि सरळ फोन बंद केला. माझा एक रुपयाही गेला नाही.

गेलं ते वेगळंच. त्या दिवसापासून रिंग वाजली की छातीत धडधडायचं, तळहातांना घाम यायचा. मी फोन सायलेंटवर टाकला, अनोळखी नंबर वाजूच नयेत अशी सेटिंग केली. दोन महिन्यांनी कळलं, की त्यात नोकरीच्या मुलाखतीचा कॉलही हुकला होता.

‘डिजिटल अरेस्ट’ची बातमी तुम्ही वाचली असेलच. असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली. चर्चा होते ती बुडालेल्या पैशांची, बँक खात्यांची, सिम कार्डांची. ती हवीच. पण कॉल कट झाल्यावर माणसात जी भीती उरते, तिचा हिशोब कुठल्याच तक्रारीत येत नाही. म्हणून आज तिच्याबद्दल.

रिंगटोनचा काय दोष?

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोक्याच्या वेळी आजूबाजूला जे काही होतं, ते तो धोक्याशी जोडून ठेवतो. माझ्या बाबतीत धमकी दिली माणसाने, पण तिच्याआधी वाजली होती रिंग. झालं, जोडी जमली! पुढच्या वेळी आईचा फोन असला, तरी विचार करायच्या आत शरीर सावध होतं.

सायलेंट मोडने भीती टिकते

फोन सायलेंट केल्यावर बरं वाटतं, आणि तिथेच गडबड होते. रिंग वाजलीच नाही, तर ‘रिंग वाजली आणि काहीच वाईट झालं नाही’ हा अनुभव मेंदूला मिळणार कधी?

असा अनुभव पुन्हा पुन्हा मिळाला की भीती हळूहळू ओसरते. शास्त्रज्ञ याला ‘एक्स्टिंक्शन’ म्हणतात, म्हणजे विझणं. नाव मात्र थोडं फसवं आहे. जुनी आठवण तशीच राहते. तिच्या शेजारी ‘आता धोका नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते आणि मेंदूच्या पुढच्या भागातून, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून, अमिग्डालाला लगाम बसतो.

हे कशावरून? पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत ऐकली असेल. जेवण न देता नुसता इशारा देत राहिलं की त्यांची लाळ गळणं थांबायचं. पण मध्ये विश्रांती दिली आणि पुन्हा इशारा दिला, की लाळ परत! भीतीचंही तसंच. एका पिंजऱ्यात आवाजाला घाबरायचं थांबलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज ऐकून पुन्हा थिजतो.

मग आठवण बदलताच येत नाही का?

२००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना आवाजाची भीती शिकवली. नंतर तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डालात प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं. भीती कमी झाली. आवाज न ऐकवता औषध दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे आठवण जागी झाली की ती काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा ‘सेव्ह’ करावी लागते.

२०१० मध्ये डॅनिएला शिलर आणि सहकाऱ्यांनी माणसांवर औषधाविना प्रयोग केला. भीतीची आठवण एकदा जागी केली, दहा मिनिटांनी ‘धोका नाही’चा सराव दिला. त्यांच्यात भीती परतली नाही. सहा तासांनी सराव दिलेल्यांमध्ये मात्र परतली. बातमी गाजली, पण नंतर काही ठिकाणी तसाच निकाल मिळाला नाही. त्यामुळे ‘तीन दिवसांत भीती कायमची पुसा’ असं सांगणारं रील किंवा ॲप दिसलं, तर पैसे भरू नका.

मी काय केलं

आधी घरी बसून स्वतःचीच रिंगटोन वाजवली, रोज, धडधड कमी होईपर्यंत. मग रूममेटला मित्रांच्या फोनवरून कॉल करायला लावले. घरी, बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, कारण एकाच जागी सराव केला तर तो त्याच जागेपुरता राहू शकतो.

यात मला भीती कमी करायची होती, सावधपणा नाही. अनोळखी फोन मी आता उचलतो, पण कुणी पोलीस असल्याचं सांगून पैसे मागितले, व्हिडिओवर बसवलं, की कट. मग १९३० वर तक्रार.

अजूनही एखाद्या दिवशी रिंग वाजली की दचकतो. पूर्वी वाटायचं, सगळी मेहनत वाया गेली. आता माहीत आहे, जुनी आठवण आत आहेच. मी एक श्वास घेतो आणि फोन उचलतो.

तुमची झोपच उडाली असेल, तोच प्रसंग महिनाभर डोळ्यांसमोर येत असेल, तर हे एकट्याने करत बसू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि घरातल्या कुणाला असा कॉल आला असेल, तर “पैसे गेले नाहीत ना?” एवढं विचारून थांबू नका. आठवड्याने त्यांचा फोन सायलेंटवर आहे का, तेही बघा.