फ्लॅशचा अस्त आणि डिजिटल धड्यांचे भवितव्य

नवी दिल्ली : राजधानीच्या नैऋत्येकडील द्वारका हे उपनगर आता केवळ सदनिकांचे राहिलेले नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे (सीबीएसई) मुख्यालय येथील सेक्टर २३ मध्ये, तर संगणक अभ्यासक्रमांच्या परीक्षा घेणाऱ्या 'नाइलिट'चे सेक्टर ८ मध्ये आहे. या संस्थांच्या कार्यक्षेत्राशी थेट निगडित असा एक प्रश्न मात्र चर्चेबाहेरच राहिला आहे. ज्या स्वरूपात डिजिटल धडे तयार झाले, ते स्वरूपच कालबाह्य झाले, तर त्या धड्यांचे काय? 'एसडब्ल्यूएफ' या फ्लॅशच्या फाइलने हा प्रश्न प्रत्यक्षात उभा केला.

लोकप्रियतेचे कारण

मॅक्रोमीडिया कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश' हे सॉफ्टवेअर विकत घेतले आणि त्यातून फ्लॅशचा जन्म झाला. एसडब्ल्यूएफमध्ये चित्र प्रामुख्याने रेषा व वक्रांच्या गणिती वर्णनातून साठवले जाई. त्यामुळे फाइल लहान होई आणि दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या मंद इंटरनेटवरही ती चाले. शिवाय तिच्यात आज्ञावली घालता येत असल्याने विद्यार्थ्याने कळ दाबताच पडद्यावरील दिवा लागे. शैक्षणिक साहित्याच्या निर्मात्यांना याहून सोयीचे साधन त्या काळी नव्हते.

परंतु हे सारे एका कंपनीच्या प्लग-इनवर अवलंबून होते. २००५ मध्ये फ्लॅश अ‍ॅडोबीकडे गेले. २००७ च्या आयफोनने त्याला थारा दिला नाही. सुरक्षेतील त्रुटी वारंवार उघड होत राहिल्या. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने त्याचे पाठबळ थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये एसडब्ल्यूएफ चालणेही बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या करविभागाला तर आपले अर्ज भरता यावेत म्हणून स्वतःचा ब्राउझर काढावा लागला.

भारतातील चित्र

भारतातही याची झळ पोहोचली. आयआयटी मुंबईच्या 'प्रोजेक्ट ऑस्कर'ची अ‍ॅनिमेशन फ्लॅश व जावामध्ये होती. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स'मधील अनेक प्रयोग नव्या तंत्रात पुन्हा लिहावे लागले. अशा वेळी मूळ 'एफएलए' फाइल हाताशी असणे निर्णायक ठरते. एसडब्ल्यूएफ ही तयार झालेली वस्तू. तिच्यात दुरुस्ती करणे म्हणजे छापील पानावरून खिळे पुन्हा जुळवण्यासारखेच आहे.

मराठीसारख्या भाषांची अडचण आणखी वेगळी आहे. २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० पूर्वी देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या भरवशाने जुळत नसत. त्यामुळे मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाकणे किंवा अक्षरांचे थेट आकृतीत रूपांतर करणे हे मार्ग उरत. आकृती झालेला मजकूर डोळ्यांना वाचता येतो. संगणकाला मात्र तो शोधता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचूनही दाखवता येत नाही. म्हणजे फाइल वाचली, तरी मराठी वाचतेच असे नाही.

दोष कोणाचा?

त्या वेळी फ्लॅश निवडणाऱ्यांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही. 'एसव्हीजी' हे खुले मानक २००१ मध्येच मान्य झाले होते. पण इंटरनेट एक्सप्लोररला ते २०११ पर्यंत उमगत नव्हते. दोष असेल तर तो मूळ साहित्य जपण्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा. केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. तोच दंडक सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक डिजिटल धड्याला लावणे आवश्यक आहे. मूळ फाइल, युनिकोडमधील स्वतंत्र मजकूर आणि पुनर्वापराचा हक्क या तीन गोष्टी हाती आल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये.

'रफल' या मुक्त सॉफ्टवेअरमुळे अनेक जुन्या फाइली आज पुन्हा चालतात, हे दिलासादायक आहे. तथापि गुंतागुंतीच्या फाइलींबाबत ते अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही. आणि जी फाइल कोणी जपलीच नाही, तिला ते वाचवू शकत नाही. आज धडे मोबाइल अ‍ॅपमध्ये बंदिस्त होऊ लागले आहेत. एका कंपनीच्या मर्जीवर शाळेचे साहित्य टांगण्याची चूक पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर अटी आजच्या निविदांमध्येच लिहाव्या लागतील.