जुने यंत्र निकामी झाले, हे कोणी ठरवावे?

आमच्या संगणकवर्गाच्या कपाटात ३२ बिटांचे काही जुने संगणक पडून आहेत. ते भंगारात द्यावेत, असे एका पालकांनी सुचविले. त्यांचे म्हणणे निराधार नव्हे. कारण ज्या डेबियन लिनक्सवर आम्ही ते चालवीत आलो, त्याची २०२५ साली निघालेली तेरावी आवृत्ती असल्या संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय उरलेली नाही. तथापि ह्या सूचनेस मान डोलाविण्यापूर्वी वाचकांनी पुढील हकीकत ध्यानी घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली व्हॅक्स नावाचा संगणक बाजारात आणिला. ती कंपनी १९९८ साली दुसरीने गिळली. परंतु १९९३ साली आरंभ झालेल्या नेटबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमची २०२४ सालची दहावी आवृत्तीदेखील व्हॅक्सवर चालते. हे कसे घडते? तिचा सोर्स कोड सर्वांस खुला आहे; प्रत्येक यंत्रापुरता विशेष भाग सामाईक भागाहून निराळा ठेविलेला आहे; आणि जुन्या यंत्रासाठी लागणारी सगळी सिद्धता आजच्या वेगवान संगणकावर करून मग ती त्या म्हाताऱ्याच्या हाती देता येते. त्यास स्वतः ते काम करावयास लाविले, तर किती दिवस बसावे लागेल कोण जाणे!

लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा जीसीसी कंपायलर आहे. त्याच्या अंतर्भागात फेरबदल ठरले, तेव्हा मोटोरोला ६८००० ह्या जुन्या प्रोसेसरचा भाग गळणार असा प्रसंग आला. २०१९ साली त्याच्या चाहत्यांनी वर्गणी जमवून तो भाग वाचविला. व्हॅक्सचा भागही मागाहून नव्या पद्धतीस जुळवून घेण्यात आला.

हा हट्ट सर्वांनी धरावा, असे आम्ही म्हणत नाही. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ साली ज्या ३८६ जातीच्या संगणकावर लिनक्स रचिले, त्याच जातीस २०१२ साली लिनक्समधून निरोप देण्याचे ठरले. तिच्यापायी इतर भागांत गुंतागुंत वाढत होती, तेव्हा तो निर्णय आम्हांस रास्त वाटतो. शिवाय जुना संगणक कामाच्या मानाने वीज फार खातो आणि आजचा ब्राउझर त्याच्या तुटपुंज्या मेमरीत मावत नाही. पण एका जातीच्या यंत्रावर दडून राहिलेली चूक पुष्कळदा दुसऱ्या जातीच्या यंत्रावर उघडी पडते. कारण कोणी संख्येचे बाइट एका टोकाकडून मांडतो, कोणी दुसऱ्या. हा लाभ नव्या यंत्रांच्या मालकांसही मिळतो. आणि मुख्य गोष्ट ही की, सोर्स कोड खुला असल्यावर एकाने निरोप दिलेले यंत्र दुसऱ्याने सांभाळावयास कोणाची आडकाठी नसते.

म्हणून कपाटातील संगणकांवर नेटबीएसडी बसवून पाहावे, असे आम्ही ठरविले आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबावे. काळ्या पडद्यावर नुसतीच अक्षरे दिसू लागली, तर घाबरून वीज बंद करू नये.