कोसा आपला, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, "शिवण शिकून काय होणार? फार तर फॉल-पिको!" हे वाक्य आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलींना अजूनही ऐकावं लागतं. बचत गटांच्या कामासाठी खेडोपाडी जाते, तेव्हा माझ्याही कानावर ते हमखास येतं. अशा वेळी मी त्यांना गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांची गोष्ट सांगते.

सुटीत, समुद्रकिनारी घालायचे सैल, हलके कपडे, म्हणजे रिसॉर्ट वेअर, आपल्या देशात रुजवणाऱ्यांत या डिझायनरचं नाव अगदी पुढे. पण त्यांची सुरुवात कशी झाली? मूळ शिक्षण केटरिंगचं. मस्कतला नोकरी करून पैसे साठवले आणि त्यावर परदेशात फॅशन शिकले. 1989 मध्ये मुंबईत पहिला शो केला, तेव्हा बारापैकी सहाच पोशाख पूर्ण होते. कापड, पँट, पादत्राणं घ्यायला पैसेच नव्हते! आहे त्यात भागवलं, आणि तो साधेपणाच त्यांची ओळख ठरला.

पुढे मुंबई सोडून ते गोव्यात, कोलवाळ या आपल्या गावी राहायला गेले. तिथल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी विणणं जवळजवळ थांबलं होतं. 2010-11 च्या सुमारास त्यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि थेट फॅशन वीकमध्ये नेली. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2020 मध्ये ते गेले, पण त्या साडीला पुन्हा मान मिळवून देऊन गेले.

आता आपल्याकडे बघा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर आपली ढिवर कुटुंबं कोसा पिकवतात. आरमोरी, नागभीडकडे त्याचं कापड विणलं जातं. विदर्भाची करवतकाठी तर साऱ्यांना ठाऊक. रंग म्हणाल, तर शिमग्याला पळसफुलांचा केशरी रंग कोणी बाजारातून आणत होतं का? जंगलानं सगळं दिलंय. मग त्या कापडाचा कुर्ता मोठ्या शहरातल्या दुकानात टांगला की त्यावर नाव दुकानाचं. कोसा पिकवणारी, धागा काढणारी, विणणारी बाई मात्र बिननावाची. हे काही बरोबर नाही.

म्हणून मला वाटतं, शिवणवर्गानं ब्लाऊजपाशी थांबू नये. मुलींना कापडाची पारख, रंगकाम, नवा कट आणि मुख्य म्हणजे किंमत ठरवायला शिकवावं. आपल्या मजुरीचा हिशेब आपल्यालाच मांडता आला नाही, तर दुसरा कशाला मांडेल? आणि गटानं शिवलेल्या प्रत्येक कपड्यावर गटाचं, गावाचं नाव असलेली चिठ्ठी हवीच हवी.

सगळ्याच मुली काही डिझायनर होणार नाहीत, मान्य. पण जिला हात आहे, नजर आहे, तिला निदान "फार तर फॉल-पिको" म्हणून घरात बसवू नका. मशीनवर बसलेल्या लेकीला आधी विचारा, "बाई, तुझ्या मनात काय शिवायचं आहे?"