पॅटर्नच्या पुढचे पान

फर्निचरवर पानगळीची पाने रंगवणाऱ्या आपल्या कलाकारांचा हात आता चांगला बसला आहे. फ्लॅट ब्रशच्या एका कोपऱ्यावर पिवळा, दुसऱ्यावर तांबडा घेऊन मेपलचे पान उमटवणे, लायनरने शिरा काढणे, कडेला फ्लोट देऊन पान उठावात आणणे, हे सगळे होतकरू विद्यार्थ्यालाही थोड्या सरावाने जमते. पण टीपॉय असो, चौरंग असो, जुन्या कपाटाचे दार असो, बहुतेक ठिकाणी पान तेच दिसते. टोके तीच, उजेडाची बाजू तीच, पिवळ्यातून तांबड्यात जाण्याची चालही तीच. कारण आपण झाडावरचे पान न पाहता पॅटर्नमधले पाहतो. हात तयार झाला आहे, आता नजर तयार व्हायला हवी. पानाला रंग का चढतो, तो रंग लाकडावर का टिकतो किंवा का उडतो, ही कारणे आपल्या हाताला ठाऊक असली पाहिजेत. या अंकाच्या निमित्ताने आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

पॅटर्नला कमी लेखण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. ही कला लोकांपर्यंत पोहोचली ती पॅटर्नमुळेच. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लॅम्बर्ट हिचकॉक याने 1818 साली खुर्च्यांचा उद्योग सुरू केला. काळ्या बैठकीवर, म्हणजे चित्राखालच्या थरावर, अर्धवट वाळलेल्या वॉर्निशवर स्टेन्सिल ठेवून धातूची पूड चोळायची आणि फळे-पाने उमटवायची, या पद्धतीने सजवलेली खुर्ची सामान्य घरांत गेली. 1950च्या दशकात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक बाजारात आले. तेलरंगाचा वास नको, टर्पेंटाइन नको, थर वाळायची दिवसभर वाट पाहायला नको. त्यामुळे घरच्या टेबलावर बसून रंगवणे सोपे झाले. 1972 साली अमेरिकेत अशा सजावटी चित्रकारांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. छापील पॅटर्न, पायरीपायरीने शिकवणारी पुस्तके आणि वर्ग यांच्या जोरावर, कलाशाळेची पायरी न चढलेल्या असंख्य लोकांनी हातात ब्रश धरला. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणाऱ्याला ‘येते’ हा विश्वास देणे ही मोठी कामगिरी आहे आणि तिचा आदर राखूनच पुढचे बोलायचे.

त्या पॅटर्नमधली पाने काढणाऱ्यांच्या दारात ती झाडे होती. न्यू इंग्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात शुगर मेपल केशरी होतो, रेड मेपल लाल होतो, ओक तपकिरी-तांबूस होतो. रेड ओकच्या पानाचे खण टोकदार असतात, व्हाइट ओकचे गोलसर, हा फरक त्यांना पाठ करावा लागत नव्हता. आपल्याकडे फक्त बाह्याकृती आली, तिच्यामागचे निरीक्षण तिकडेच राहिले. म्हणून आपल्या कामात मेपलच्या आकाराला ओकचा रंग आणि ओकच्या आकाराला मेपलच्या शिरा, अशी सरमिसळ होते. ग्राहकाला ती चटकन कळत नाही, पण पान खोटे वाटते एवढे जाणवते.

पानाचा रंग बदलतो तो असा. उन्हाळाभर पानात हरितद्रव्य सतत तयार होत असते. पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्येही त्याच पानात असतात, पण हिरव्याखाली झाकलेली. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला उपयोगी भाग परत घेते आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो आधीपासून दडलेला नसतो. देठाशी पेशींचा अडसर तयार होऊ लागला की पानातली साखर अडते, आणि ऊन मिळाले की तिच्यापासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने बनते. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि थंड, पण न गोठणाऱ्या रात्री मिळाल्या तर लाल अधिक खुलतो. शेवटी सगळे ओसरले की टॅनिनचा तपकिरी उरतो.

हे वनस्पतिशास्त्र आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. यातले प्रत्येक वाक्य ब्रशला काहीतरी सांगते. पिवळा आधीचा आणि लाल वरून आलेला, तर रंगवतानाही तोच क्रम ठेवा. यलो ओकर आणि मध्यम पिवळ्याचा अपारदर्शक थर आधी द्या. तो पुरता वाळल्यावर ग्लेझिंग मीडियममध्ये पातळ केलेला पारदर्शक लाल, शक्यतो क्विनाक्रिडोन जातीचा, वरून फिरवा. पॅलेटवर कालवलेल्या केशरीपेक्षा हा केशरी कितीतरी जिवंत दिसतो, कारण उजेड लाल थरातून जाऊन पिवळ्यावरून परत येतो. उलट हिरवा आणि लाल ओले असतानाच एकमेकांत गेले की चिखल होतो. मध्ये पिवळ्याची पट्टी ठेवली तर तो टळतो. बऱ्याच पानांत हिरवा सर्वांत शेवटी शिरांच्या आसपास रेंगाळतो, म्हणून मधल्या शिरेलगत किंचित ऑलिव्ह ठेवणे खरे दिसते. आणि अँथोसायनिन उन्हात बनते म्हणून लाल पानावर दुसरे पान टेकून राहिले असेल तर झाकलेला भाग बहुधा पिवळाच राहतो. पानांची वेल किंवा गुच्छ रंगवताना एखाद्या पानावर अशी पिवळी सावली सोडून पाहा. पॅटर्नमध्ये ती सापडणार नाही, पण ज्याने झाड पाहिले आहे त्याची नजर तिथेच थांबेल.

आता आपल्या झाडांकडे वळू. काश्मीरमध्ये चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल-सोनेरी होतो, आणि तिथल्या कारागिरांनी त्याचे पान अक्रोडाच्या कोरीव फर्निचरवर आणि कागदी लगद्याच्या रंगीत वस्तूंवर पिढ्यान्‌पिढ्या उमटवले आहे. दारातले झाड त्यांच्या कामाची ओळख झाले. आपल्याकडे पानगळ येते ती हिवाळा सरता सरता. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा देशी बदाम त्या वेळी पाहण्यासारखा असतो. एकाच झाडावर हिरवी, पिवळी, तांब्याची आणि गडद लाल पाने एकाच वेळी दिसतात, तीही फांदीच्या टोकाला गुच्छाने. या पानाची घडण मेपलच्या नेमकी उलट आहे. मेपलच्या मुख्य शिरा देठापाशी एका बिंदूतून फाकतात, बदामाची एकच मधली शीर असते आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना उपशिरा निघतात. पान देठाशी निमुळते आणि टोकाजवळ सर्वांत रुंद. म्हणून ब्रश देठाशी कडेवर टेकवायचा, पुढे सरकताना दाब हळूहळू वाढवायचा आणि टोकाशी झटकन उचलायचा. नेहमीच्या पानात दाब मध्यावर सर्वांत जास्त असतो. इथे ती सवय मोडावी लागते.

सह्याद्रीत आणखी एक गोष्ट नीट पाहायला हवी. आपल्या रानात लाल रंग कोवळ्या पालवीचाही असतो. कोशिंबाचे झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये लालबुंद होते ते नव्या पानांनी. पिंपळाची पालवीही तांबूस-गुलाबी येते. हा लालही अँथोसायनिनचाच, पण पान कोवळे असते. ते लवलवते, खाली झुकते, चकाकते, त्याची कड अखंड असते. गळायला आलेले पान कडेने वळते, त्याला डाग आणि भोके पडतात, त्याची शीर ताठ आणि उठून दिसते. लाल रंगात वळलेली, डागाळलेली कड काढून तिला कोशिंबाची पालवी म्हणणे चूक, आणि पानगळीच्या पानावर ओलसर चकाकी देणे हीही चूकच. दोन्ही लालांना वेगळा हाताळणारा कलाकार आपल्या कामातून ऋतू सांगू शकतो. ही संधी मेपलच्या पॅटर्नमध्ये नाही, ती आपल्या रानात आहे.

पण पान कितीही खरे उतरले तरी ते कागदावर नाही, फर्निचरवर आहे. त्याच्यावर चहाचा कप ठेवला जाणार, ओले फडके फिरणार, दुपारचे ऊन पडणार. जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. सावंतवाडीचा चितारी गंजिफाच्या पत्त्यांसाठी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांची बैठक आधी तयार करी, तिच्यावर चित्र काढी आणि वरून लाखेचे आवरण देई. बैठक, चित्र आणि आवरण या तिन्हींना तो सारखाच मान देत असे. आपण मात्र मधल्या थरावर आठवडा घालवतो आणि उरलेले दोन थर घाईत उरकतो.

बैठकीपासून सुरुवात करू. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ॲक्रिलिकची पकड सैल राहते. पॉलिश पेपर मारून झाल्यावर पृष्ठभाग स्पिरिटने पुसा आणि तेल पुन्हा वर येण्याआधी प्राइमर लावा. टॅनिन असलेल्या लाकडावर पाण्याचा रंग थेट लावला की पिवळट-तपकिरी डाग वर येतात. क्रीम रंगाच्या बैठकीवर ते लगेच दिसतात. त्यावर मेण काढलेल्या चपड्याचे सीलर हा चांगला उपाय आहे. मेण राहिलेल्या चपड्यावर पाण्याचा रंग नीट धरत नाही. आणि हा चपडा ज्या लाखेपासून बनतो, तिच्यातली उत्तम लाख ज्या झाडावर पोसली जाते ते झाड म्हणजे कोशिंब. ज्याची पालवी रंगवायची, त्याच्याच फांदीवरची लाख त्या चित्राची बैठक सांभाळते. आपल्या कामाचे मूळ इतके जवळ असताना ते ओळखून काम करण्यात वेगळा आनंद आहे. सनमायका लावलेल्या फर्निचरला सीलरची नाही, पकडीची गरज असते. त्याची चकाकी पॉलिश पेपरने मारून गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा प्राइमर द्यावा लागतो.

रंगाच्या निवडीत आपण सर्वांत जास्त फसतो ते लालाबाबत. पानगळीचा सगळा डौल लालावर आणि उन्हात आधी उडतो तोही बहुधा लालच. ट्यूबवर ‘क्रिमझन’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यात कोणते रंगद्रव्य आहे ते शोधा. पीआर 83 हे जुने ॲलिझरिन उजेडात फिके पडते. खिडकीजवळच्या कपाटावर ते वापरले तर काही वर्षांत लाल पान फिकट पडलेले दिसेल. फ्लोरोसंट रंगांनाही फर्निचरवर जागा नाही. बर्न्ट सिएना, यलो ओकर, लोहाचे तांबडे हे मातीचे रंग मात्र उजेडाला दाद देत नाहीत, आणि पानगळीचा निम्मा पसारा यांच्यातच बसतो. ज्या रंगावर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला नाही त्याची परीक्षा घरीच घ्या. पुठ्ठ्यावर पट्टे ओढा, अर्धा भाग झाका, पुठ्ठा उन्हाच्या खिडकीत एक अख्खा उन्हाळा ठेवा. दोन अर्ध्यांतला फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे सांगतो.

तिसरा थर आवरणाचा. ॲक्रिलिक हाताला पंधरा-वीस मिनिटांत कोरडे लागते, पण पुरते पक्के व्हायला तीन-चार आठवडे जातात. पावसाळ्यात त्याहूनही जास्त, कारण हवेतल्या ओलाव्यामुळे थरातले पाणी सुटायला वेळ लागतो. घाईने जाड वॉर्निश चढवले की ते दुधाळ राहू शकते. शिवाय ॲक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ होतो, आणि रंगवलेले ड्रॉवर मे महिन्यात एकमेकांना चिकटतात. म्हणून घासणाऱ्या कडांवर रंगाचे जाड थर नकोत, आणि पातळ वॉर्निशचे दोन-तीन हात पुरेशी विश्रांती देऊन द्यावेत. सॅटिन दिसावे असे वाटत असेल तरी आधीचे हात ग्लॉसचे द्या आणि शेवटचाच सॅटिनचा. सॅटिनमधली चमक मारणारी पूड अनेक थरांत साचली की गडद बैठक धुरकट दिसते. तेलाच्या पॉलियुरेथेनला काळानुसार पिवळेपणा येतो. लाल-सोनेरी पानांना तो एक वेळ खपून जाईल, पण पांढऱ्या किंवा निळसर बैठकीला नाही.

वर्ग चालवणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. पहिल्या दिवशी पॅटर्न द्याच, कारण विश्वास तिथूनच येतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात विद्यार्थ्यांना रस्त्यावरचे एक गळलेले पान आणायला सांगा आणि ब्रश उचलण्याआधी दोन प्रश्न विचारा: यातला कोणता रंग आधीचा आणि कोणता नंतरचा? पान सर्वांत रुंद कुठे आहे? उत्तरे देता आली की बाह्याकृती स्वतःच काढता येते. ग्राहकांचे काम करणाऱ्यांनी प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूला एक चिठ्ठी लावावी. प्राइमर कोणता, रंगद्रव्ये कोणती, वॉर्निश कोणते आणि तारीख काय, एवढे तिच्यावर असू द्या. दहा वर्षांनी ते कपाट दुरुस्तीला आले तर ज्याच्या हातात येईल त्याला ती माहिती लागेल, आणि आपल्या कामावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा तो हक्कही आहे.

आमच्याकडूनही याची सुरुवात करतो. पुढील अंकापासून या मासिकात छापल्या जाणाऱ्या पानांच्या प्रत्येक पॅटर्नसोबत त्या झाडाचे नाव, पान रंगण्याचा महिना, खऱ्या पानाचे छायाचित्र आणि वापरलेल्या रंगद्रव्यांचे क्रमांक दिले जातील. ज्या पॅटर्नसोबत ही माहिती नसेल तो आम्ही छापणार नाही. वाचकांनी आपापल्या गावातल्या झाडांची पाने पाहून केलेली रेखाटने आणि रंगांचे पट्टे आमच्याकडे पाठवावेत. देशी बदाम, कोशिंब आणि पिंपळापासून सुरुवात करून आपल्या झाडांच्या पानांचा एक संग्रह आपण सगळे मिळून तयार करू शकतो. तो या कामात येणाऱ्या नव्या कलाकारांच्या हाती देणे ही आपली जबाबदारी आहे.